बागायतदाराचा मुलगा

लष्करात अधिकारी व्हायचं तर आधी माणसातून उठावं लागतं, हे मला धुळ्यातल्या त्या क्लासात कळलं.

लेखी परीक्षा मी स्वतःच्या बळावर पास झालो होतो. म्हणजे माझ्या आणि वडिलांच्या. साक्रीजवळच्या आमच्या गावात ते रोज पहाटे रस्त्याच्या कडेला मोबाइल घेऊन बसायचे आणि माझ्या धावण्याची वेळ मोजायचे, मग मला अभ्यासाला बसवायचे. आता उरली होती पाच दिवसांची मुलाखत. तिच्यासाठी हा क्लास.

क्लासच्या सरांच्या मिशा फौजी होत्या. ते स्वतः कधी फौजेत होते का, हे विचारायची आमची छाती नव्हती. पहिल्याच दिवशी त्यांनी माझा फॉर्म वाचला. वडील : कोरडवाहू शेती, हंगामात मोहाची फुलं वेचणं. सरांनी नाक मुरडलं.

"मोहाची फुलं? मुलाखत घेणाऱ्यांना दारूच आठवेल. बागायतदार लिही. जळगावकडची केळी लिही, भारदस्त वाटतं."

मी मुकाट्याने वडिलांना खोडलं. वर्गातल्या सगळ्यांनीच काही ना काही खोडलं आणि सगळ्यांनी छंद म्हणून फुटबॉल लिहिला. त्या सरांची किळस येतेच, पण त्या खोडण्याची जास्त येते. माझा हात जरासुद्धा अडखळला नव्हता.

मुलाखत घेणारे अधिकारी शांत होते. फॉर्मवरून बोट फिरवत त्यांनी विचारलं, "केळी लावल्यापासून किती महिन्यांनी घड कापता?"

आमच्याकडे बाजरी तीन महिन्यांत हाताशी येते. मी ताठ बसून म्हणालो, "तीन, सर."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "जवळजवळ वर्ष लागतं," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "तुझे वडील खरंच काय करतात?"

माणसाने एवढं दार उघडून दिलं होतं. आणि मी काय म्हणालो? "केळीच करतात, सर." पाठ केलेल्या, खणखणीत आवाजात.

शेवटच्या दिवशी निवडलेल्यांचे छातीवरचे नंबर वाचले. माझा नव्हता.

धुळ्याच्या स्टँडवर वडील घ्यायला आले होते. निकाल त्यांना फोनवर कळला होता. साक्रीच्या गाडीत बसल्यावर म्हणाले, "मनाबद्दल, तुना बापबद्दल इचारं का त्यास्नी?"

"इचारं."

"मंग तू काय सांगं?"

"शेतकरी शे, सांगं."

"बठ्ठं खरं सांगं ना?"

सगळं खरंच सांगितलं अशी मी मान हलवली. त्यांचा चेहरा उजळला.

"मंग जाऊ दे," ते म्हणाले. "सकायथून परत पळजो. मोबाइल चार्ज करीसन ठेवस मी."

दुसऱ्या पहाटे ते खरंच रस्त्याच्या कडेला बसले होते. मी धावत त्यांच्यापर्यंत आलो, त्यांनी वेळ सांगितली, आणि मी त्यांच्याकडे न बघताच पुढे पळत राहिलो.