दुर्बीण आणि आमची गाळपेर

अमरावतीचे एक वकील कार्तिकात आमच्या गावच्या तलावावर पाखरं पाहायला आले, तेव्हा मी चौथी पास होऊन घरी बसले होते. चांदूर बाजारपर्यंत मोटारीनं, पुढं भाड्याच्या बैलगाडीनं. एवढा खटाटोप पाखरांसाठी, हे गावात कोणालाच पटलं नाही. आम्हाला पाखरं माहीत होती. थंडी लागली की करकोचे उतरतात आणि हरभऱ्याचे कोंब खुडून खातात. त्यांना गोफणीनं हाकलायचं असतं.

अशा परक्या माणसाला भ्यायला आम्हाला कारण होतं. दसऱ्यानंतर तलावाचं पाणी मागं सरकलं की उघड्या पडलेल्या गाळात आम्ही हरभरा पेरत असू. हीच गाळपेर. जमीन इंग्रज सरकारची, आमच्याकडे कागद नाही; पाटलानं तोंडी हो म्हटलेलं, तेवढंच. सरकारी नोंदी ठेवणाऱ्या पटवाऱ्याला कळलं तर दंड. त्या वर्षी कपाशी हातची गेली होती. पीक म्हणून उभा होता तो गाळातला बोटभर हरभरा.

बाबांनी वकिलांना गाठलं. "सायेब, बंदूक कुठं हाय?"

"मारायची नाहीत. नुसती पाहायची."

"पाहून का करता?"

"लिहून ठेवतो."

बाबांचं तोंड उतरलं. घागर घेऊन उभी असलेली आत्या म्हणाली, "घरी बायको नाई का पाह्यले?" वकील हसले. आमच्यातलं कोणी हसलं नाही.

बाबांनी मला बाजूला घेतलं. "तुले वाचता येते. पानी घेऊन जाय अन् वहीत का लिवलं ते पाहून ये. पटवाऱ्यानं धाडला असंन तं आजच समजलं पाह्यजे."

वकिलांनी पाणी घेतलं नाही. स्वतःचा तांब्या दाखवला. आमच्या हातचं चालत नसावं. मग कौतुकानं दुर्बीण माझ्या डोळ्यांना लावली. मला पाखरं दिसली नाहीत. पलीकडच्या काठावरचं आमचं काट्यांचं कुंपण दिसलं, हात लावावा इतकं जवळ. खाली मांडीवर वही उघडी होती. अर्ध्या पानावर त्यांचा हात होता. उरलेलं मी वाचलं : 'उत्तर काठ, गाळावर'.

आमची गाळपेर उत्तर काठावरच होती. मी धावत येऊन सांगितलं.

दुपारी वकील डबा खाऊन बाभळीखाली आडवे झाले. तेवढ्यात बाबा, माय, आत्या आणि मी लांबून वळसा घालून उत्तर काठावर गेलो. कुंपण ओढून झुडपात टाकलं. हरभरा मुठीमुठीनं उपटला आणि गाळ पायांनी सारखा केला. माय रडत होती आणि उपटतही होती.

वकील उठले, दुर्बीण लावली आणि तणतणत आले. "तिकडे कोण गेलं होतं? करकोचे उडाले सगळे!"

"आमची तिकडं जागाच नाई, सायेब," बाबा म्हणाले. "आमी कायले जाऊ?"

वकिलांनी वही बाबांपुढं धरली. "हे बघा, सकाळी अकरा होते." बाबांना वाचता येत नव्हतं. त्यांनी वही माझ्या हातात दिली. मी मोठ्यानं वाचलं : उत्तर काठ, गाळावर, करकोचे अकरा. बदकं. बगळे. पाणकोंबड्या.

"मांगचं पान वाच."

मागच्या पानावरही पाखरंच होती. त्याच्या मागच्याही. बाबांनी पहिल्या पानापर्यंत वाचायला लावलं. वकील कंटाळून वही घेऊन निघून गेले.

माय म्हणाली, "उद्या पेरू. ओल हाय अजून."

"थांब," बाबा म्हणाले. "खरी वही घरी असंन त्याची."

मलाही तसंच वाटलं. मी बाबांच्याच बाजूनं बोलले. महिनाभर आम्ही पटवाऱ्याची वाट पाहिली. पटवारी आला नाही. तोवर गाळ वाळून त्याला भेगा पडल्या. माघ सरताना आम्ही चौघं दुसऱ्यांच्या शेतात हरभरा उपटायला मजुरीनं गेलो.