पडेगावच्या माळावरचा बंकर

आमच्या सरांना लढाईतल्या काँक्रीटचं वेड. तंत्रनिकेतनात त्यांनीच आम्हाला काँक्रीट शिकवलं, आणि मी केलेला ठोकळा अख्ख्या वर्गासमोर फरशीवर आपटून म्हणाले, "ही तर शेंगदाण्याची चटणी!" वर्ग हसला. ते हसू मी तीस वर्षं जपून ठेवलं.

निवृत्तीनंतर सरांना पडेगावच्या माळावर घबाड सापडलं. हातभर जाड भिंतींची, इवल्याशा फटींची काँक्रीटची खोली. महायुद्धातला बंकर! फटीतून दौलताबादचा रस्ता थेट बंदुकीच्या टप्प्यात येतो. भिंतीवरचे चौकोनी ठसे शत्रूची नजर फसवायला उमटवलेत. चार वर्षं टेप लावून, वही भरून सरांनी हे सिद्ध केलं. मग वही छापायची घोषणा करायला शहरातल्या इतिहासप्रेमींना माळावर बोलावलं.

मीही गेलो. हर्सूलचे एक म्हातारे मिस्त्री माझ्या गाडीवर मागं बसले होते. महिन्यापूर्वीच त्यांनी मला खरं काय ते सांगितलं होतं, आणि तेव्हापासून मी ओठ शिवून सरांना चहा पाजत होतो. अहाहा, काय महिना गेला तो!

सर ठशांवरून हात फिरवत रंगात आले, तसं मी मिस्त्रींना हळूच पुढं सरकवलं.

"सर, हे आमीच वतलं," मिस्त्री म्हणाले. "खदानीची सुरुंगाची दारू ठिवायला. साच्याला फळ्या मिळंनात, मग तेलाचे डबे कापून पत्रे ठोकले. त्याचेच छापे हे."

"अन् या फटी?" कुणीतरी विचारलं.

"हवा नको व्हय? दारू सादळती ना, भाऊ."

अख्खा माळ हसला. मी सगळ्यांत शेवटी हसलो, चवीनं. सरांनी वही मिटून पिशवीत घातली.

"पर माल लई पक्का हाय, सर," मिस्त्री बिचारे म्हणाले.

गेल्या महिन्यात प्लॉटिंगवाल्यांनी ती खोली पाडायला घेतली. दोन दिवस ब्रेकर धडका देत होता. मी तिथूनच सरांना फोन लावला, आवाज ऐकवायला.

सर म्हणाले, "सळया किती इंचांवर टाकल्यात रे? बघून सांग ना."

सळया माझ्यापासून दहा पावलांवर लख्ख दिसत होत्या.

"आठ," मी जागचा न हलता ठोकून दिलं.

"थांब, थांब," सर म्हणाले, "लिहून घेतो."