झग्याचं रफू

पोरगी उद्या नोकरी घालवून बसणार, ही धास्ती काही केल्या जात नाही.

आमची चिंगी ऑनलाइन खेळाच्या कंपनीत पोशाख रेखाटते, खेळातल्या पात्रांचे. खेळायला दरमहा वर्गणी पडते. ती दिवसभर करते तरी काय, हे कळावं म्हणून मीही वर्गणी भरली आणि या वयात तलवार घेऊन खिंडीत उभी राहिले! बरोबर खेळणाऱ्यांची आमची टोळी कितीदा मेली, पण शेवटी खिंड राखलीच. बक्षीस म्हणून चिंगीने रेखाटलेला निळा झगा माझ्या पात्राच्या अंगावर आला, तेव्हा मी स्वयंपाकघरात अक्षरशः नाचले. झग्याच्या कोपरावर रफू होतं. तिची खोडच ती. प्रत्येक पोशाखावर वापराची एक खूण ठेवते.

आता कंपनी तोच झगा दुकानात मांडणार आहे, वर्गणीवर वेगळे पैसे घेऊन. चाचणीच्या वेळी रफू काढायचं चिंगीच्या लक्षातच आलं नाही. खेळणारे खो खो हसले, "नवाकोरा झगा, मग फाटला कुठे?"

तिचे साहेब म्हणाले, "रफू काढून टाक. सगळ्यांच्याच झग्यावरचं."

"दुकानातल्यावरचं काढते. खिंड राखणाऱ्यांचं कशाला?"

"अगं, नुसता कपडा आहे. त्याने तलवारीला धार येते का? हौस असेल तो घेईल."

"मग हौसेसाठी दुसरा रेखाटते, याहून झोकदार. पण दरमहा वर्गणी भरून ज्यांनी कमावला, त्यांची खूण पुसायची, हा कुठला न्याय?"

"उद्या दुपारपर्यंत काढ. नाहीतर तुझ्या खुर्चीवर बसून दुसरं कोणी काढेल."

संध्याकाळी हे सगळं तिने एका दमात सांगितलं. आवाज नुसता उसळत होता! मी म्हटलं, "बाई गं, जमवून घे."

"आई, तू खिंडीतून पळाली होतीस का?" म्हणाली आणि फोन ठेवला.

झोप येईना, म्हणून खेळ उघडला. टोळीत एक नवखी मुलगी आली होती. तिने विचारलं, "आजी, कोपराला काय झालं?" मी तोंड उघडायच्या आत आमच्यातली एक, दवाखान्यात नर्स आहे ती, ओरडली, "अगं, खिंडीतली गोष्ट ऐकली नाहीस?" आणि मग सगळेच एकदम सांगू लागले, एकमेकांना तोडत, तिखटमीठ लावत.

विकतच्या झग्याला हे कुणी विचारणार आहे?

नोकरी गेलीच तर तिची खोली अजून तशीच आहे. चिंगीला आत्ताच फोन लावते. जमवून घे म्हणायला नाही.