गिटार फास्ट नसते, म्हणायचे दिगूकाका

दिगूकाका गिटार दाखवायच्या आधी गिऱ्हाइकाचा हात बघायचे. डावा. तो काउंटरवर उताणा ठेवायला लावायचे आणि एकेका बोटाचं टोक आपल्या अंगठ्यानं दाबायचे, बाजारात आंबा दाबून बघतात तसं. मग तो हात परत सरकवायचे, जसं काय दुसऱ्याचं पार्सल चुकून त्यांच्या दुकानात आलंय.

"मऊ," एवढंच म्हणायचे.

इकडं आखातात, करामा भागातल्या एका गल्लीत ते वाद्यांचं दुकान होतं. मालक केरळचा, तो जास्त करून गावीच. दुकान काकांच्या जिवावर चालायचं आणि गिऱ्हाईक काकांच्या तोंडामुळं पळायचं. काका सावंतवाडीकडचे, साठी उलटलेली, अंगानं काटकुळे, पांढरा हाफ शर्ट. खिशात कायम कंगवा, डोक्यावर एक केस नाही. एके काळी इथल्या हॉटेलांच्या बँडमध्ये ते लीड गिटार वाजवायचे. स्वतः कधी सांगायचे नाहीत. दुसऱ्या कुणी विषय काढला तर म्हणायचे, "लोक जेवत होते, मी वाजवत होतो. कुणाचा घास अडकला नाही. संपलं माझं करिअर."

मी बाळू. रास अल खोरला गोडाऊनमध्ये फोर्कलिफ्ट चालवतो, राहतो शारजाला. शाळा नववीपर्यंत, त्यातही नववी दोनदा केली, म्हणजे नववीचा मला अनुभव जास्त. गावाकडं मी बँजो पार्टीत होतो असं इकडं सगळ्यांना सांगत असतो. खरं सांगायचं तर मिरवणुकीत मी मागनं जनरेटरची गाडी ढकलायचो. पण पुढं बँजोवाल्याची बोटं कशी धावतात ते बघून बघून माझ्या डोक्यात पक्कं बसलं, की संगीत म्हणजे धावणं. जो आधी पोचला तो उस्ताद.

हे सगळं मी पहिल्याच भेटीत काकांना ऐकवलं आणि वर म्हटलं, "काका, फास्ट लीड वाजवायला गिटार पाहिजे."

"किती फास्ट?"

"एकदम."

"मग इथं कशाला आलास? हायवेला जा. तिथं फास्ट गेलं की सरकार फोटो पण काढतं."

त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी 'बँजो' झालो. बाळू हे नाव त्यांनी कधी तोंडात घेतलं नाही.

आता मला गिटार का पाहिजे होती ते सांगतो. आमचं इथं एक मराठी मंडळ आहे आणि मंडळाचा एक बँड. बँड म्हणजे ढोलकीवर एक मेस्त्री, कीबोर्डवर तन्वी आणि उधारीच्या गिटारवर मी. तन्वी इथंच वाढलेली, बँकेत नोकरीला, मराठीत विचारलं की इंग्लिशमध्ये उत्तर देणार. आमच्या अध्यक्षसाहेबांना हा बँड म्हणजे डोक्याला ताप वाटायचा. ते म्हणायचे, "पेन ड्राइव्ह लावला की काम खलास. पेन ड्राइव्ह चहा मागत नाही, रिहर्सलला जागा मागत नाही." त्या वर्षी त्यांनी मीटिंगमध्ये सांगूनच टाकलं, की यंदा वार्षिक कार्यक्रमात बँडनं काही करून दाखवलं तर ठीक, नाहीतर पुढच्या वर्षीपासून सगळी गाणी ट्रॅकवर.

तन्वीला दुसरे छंद होते, मेस्त्रीला दुसरी मंडळं. माझं काय? गोडाऊनमध्ये मला 'फोर्कलिफ्ट' म्हणतात. रूमवर 'वरचा पलंग' म्हणतात. रिहर्सलला गेलं तरच कुणीतरी 'बाळू, सूर दे' म्हणतं. बँड गेला असता तर मला नावानं हाक मारणारं अख्ख्या एमिरेट्समध्ये कुणी उरलं नसतं. म्हणून मी ठरवलं, असली गिटार घ्यायची आणि असला सोलो मारायचा, की अध्यक्षांनी स्वतः चहा आणून द्यावा.

काकांची गिटार निवडायची पद्धत पोलीस चौकशीसारखी होती. स्टुलावर बसवलं, डोळे मिटायला लावले आणि एकेक गिटार मांडीवर ठेवत गेले.

"वायर लावा की काका."

"वायर नंतर. वायर लावली की मिक्सर पण गातो."

मी डोळे मिटून बोटं फिरवत होतो आणि काका वरनं बोलत होते. "मान पातळ आहे का, ते काय बघतोस? मान पातळ असून बगळ्याला गाता येत नाही. तार मानेवरच्या पट्टीच्या किती वर आहे ते बघ. खालच्या टोकाच्या घरांपर्यंत, म्हणजे फ्रेटपर्यंत, जाताना हात अडतो का ते बघ. मांडीवर आपली आपण राहते का सारखी कलंडते, ते बघ. कलंडणारी सांभाळण्यातच तुझं आयुष्य जाईल." मग एक मांडीवर आली आणि माझा हात सरळ शेवटच्या घरापर्यंत जाऊन परत आला, कुठं काही आडवं आलं नाही. "ही," ते म्हणाले.

मी डोळे उघडले. तपकिरी गिटार. तहसील कचेरीतल्या टेबलाचा रंग. ही घेऊन स्टेजवर गेलो असतो तर लोक उत्पन्नाचा दाखला मागायला पुढं आले असते.

आणि भिंतीवर ती होती. काळी, दोन्ही बाजूंना शिंगं, डोकं भाल्यासारखं टोकदार, ब्रिजला, म्हणजे तारा खाली जिथं अडकवतात तिथं, एक दांडा. दांडा दाबला की सगळे सूर एकदम दरीत कोसळतात आणि सोडला की वर येतात. व्हिडिओतले सगळे फास्टवाले हीच वाजवतात, हे मी काकांना सांगितलं.

"व्हिडिओतले सगळे रोज केस पण धुतात. त्याचा वाजवण्याशी काय संबंध? ती गिटार नाही रे, कपडे टांगायची खुंटी आहे." मग ती खाली काढून त्यांनी उलटी केली आणि मला मागच्या स्प्रिंगा दाखवल्या. "हा ब्रिज तरंगता. पुढनं तारा ओढतात, मागनं स्प्रिंग ओढते. एक तार सैल केलीस की बाकी पाच चढल्या. वरच्या टोकाला तारा कुलपात, ते उघडायला एलन की, म्हणजे वेगळा पाना. घरी बसून वाजवणाऱ्याला चालेल. तू मंडळात वाजवणार, जिथं गाणारी माणसं स्टेजवर चढल्यावर पट्टी ठरवतात. काय करशील तिथं?"

मी सांगितलं, "काका, मला हीच पाहिजे." किंमत मनात रुपयात केली आणि लगेच परत दिरहॅममध्ये आणली. तिथं ती लहान दिसत होती.

काकांनी एक शब्द वाद घातला नाही. बॉक्स बांधला, वर सुतळीची गाठ मारली. "दिरहॅम तुझे, बोटं तुझी, बेइज्जती पण तुझी. फक्त दुकानाचं नाव सांगू नको."

पुढं मी सुट्टीच्या दिवशी ती गिटार घेऊन दुकानात जायला लागलो. शिकायला नाही, दाखवायला. वरच्या पलंगावर बसून, व्हिडिओ बघून, घरांचे नंबर पाठ करून मी सोलो बसवला होता. मोठी युक्ती केली होती: दर दुसरा सूर मोकळ्या तारेचा. बोट काढलं की मोकळी तार आपली आपण वाजते, म्हणजे अर्धं काम फुकटात आणि स्पीड डबल. एकदा सगळा सोलो काकांना वाजवून दाखवला. ते पावती फाडत होते, मान वर केली नाही.

"कसा वाटला सोलो?"

"सोलो होता? मला वाटलं शेजाऱ्यानं शटर पाडलं."

"पण फास्ट होता ना?"

"बँजो, गिटार फास्ट नसते. गिटार नुसती पडून असते. आणि तू फास्ट नाहीस. तू घाबरलायस आणि लवकर घरी जायचंय."

कार्यक्रमाचं आमंत्रण दिलं तर म्हणाले, "वडा असेल तर येईन."

कार्यक्रम ऊद मेथाला, एका शाळेच्या हॉलमध्ये. शेवटचं गाणं अध्यक्षांच्या मिसेसचं, म्हणजे आमच्या वहिनींचं, आणि त्यातच माझा सोलो. वहिनी स्टेजवर आल्या, लोकांना नमस्कार केला आणि तन्वीच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "घसा बसलाय गं. अर्धी पट्टी उतरव."

तन्वीनं एक बटण दाबलं. "डन, आंटी." मग माझ्याकडं बघितलं. "बाळूकाका, यू ओके?"

मी कुठला ओके. माझे नंबर पाठ होते ते मूळ पट्टीचे. फार तर सगळं एक घर मागं सरकवता आलं असतं, पण मोकळी तार मागं कुठं सरकणार? तिच्या मागं घरच नसतं. म्हणून मी खिशातनं एलन की काढली आणि भर स्टेजवर कुलूप उघडून गिटारच अर्धी पट्टी उतरवायला घेतली. एक तार सैल केली. बाकी पाच चढल्या. मेस्त्री ढोलकीवर नुसताच ठेका धरून बसला. पहिल्या रांगेतले अध्यक्ष घड्याळ बघत होते. मी पुढच्या तारेला हात घालणार तेवढ्यात दुसऱ्या रांगेतनं आवाज आला.

"पाना ठेव, बँजो. ती तार होती तिथं आण. बाकीच्या आपोआप येतील."

आणली. आल्या.

"आता एक घर मागनं वाजव."

"आणि मोकळ्या तारा?" मी विचारलं. माईक चालू होता. सगळ्या हॉलला कळलं की मला येत नाही.

"त्या सोड. उरेल ते वाजव."

गाणं सुरू झालं. पहिलं कडवं झालं, सोलो आला. मोकळ्या तारा काढल्यावर आणि घाबरून जे विसरलो ते वजा केल्यावर माझ्याकडं चार सूर उरले होते. मी ते वाजवले. हळू, कारण संपले तर पुढं काहीच नव्हतं. आता वहिनींनी दुसरं कडवं उचलायचं. वहिनी उचलेनात. त्यांचे शब्द मोबाइलमध्ये होते आणि मोबाइल लॉक झाला होता. त्या पॅटर्न काढत होत्या आणि तो चुकत होता. माझ्याजवळ दुसरं काही नव्हतं म्हणून मी तेच चार सूर परत वाजवले. तन्वीनं खालनं नुसता एक सूर धरून ठेवला. मेस्त्री ढोलकी अगदी हलकी करून थांबला. वहिनींनी वर बघितलं, आम्ही तिघंही त्यांच्याकडंच बघत होतो. मी परत तेच चार. मग त्यांनी मोबाइल खाली ठेवला, डोळे मिटले आणि त्यांना ते कडवं सापडलं.

टाळ्या पडल्या, इतरांना पडल्या तेवढ्याच.

नंतर चहाच्या टेबलाशी अध्यक्ष मला म्हणाले, "बघितलंस ना, बाळू? म्हणून मी ट्रॅक म्हणतो. ट्रॅकला पाना लागत नाही."

काका तिथंच वडा खात उभे होते. अध्यक्षांशी त्यांची ओळख ना पाळख. "साहेब, तुमचं बरोबर आहे," ते म्हणाले. "ट्रॅकनं पट्टी झटक्यात उतरवली असती. पण मॅडम अडकल्या तेव्हा ट्रॅक पुढं निघून गेला असता. हा गाढव थांबला. ह्याला दुसरं काही येत नव्हतं म्हणून थांबला, पण थांबला."

अध्यक्ष काही बोलणार तर मागनं वहिनी म्हणाल्या, "अहो, तो पेन ड्राइव्ह तुमच्या गाडीत लावा. मला हीच माणसं पाहिजेत." पुढच्या वर्षीचा बँड तिथं पक्का झाला. मी काकांचे पाय धरायला वाकलो तर ते म्हणाले, "पाय सोड, आणखी एक वडा आण."

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. "तुझ्या गोडाऊनमध्ये लाकडी पॅलेट असतात ना? तुटक्याचा एक तुकडा घेऊन ये." नेला. त्यांनी तो घासला, मापात आणला, गिटारच्या मागच्या खोबणीत ब्रिजच्या अंगाला ठोकून बसवला. तरंगता ब्रिज जागच्या जागी गप्प झाला. दांडा काढून माझ्या हातात दिला. "हा चहा ढवळायला ठेव." गिटार उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाले, "आता हिच्यातला सगळ्यात चांगला भाग म्हणजे पॅलेटचा तुकडा. बाकीची भंगारात दिलीस तरी चालेल."

ती तपकिरी गिटार मी नंतर मागितली. विकली गेली होती. "ज्यानं घेतली त्यानं डोळे उघडल्यावर पण तीच घेतली," काका म्हणाले.

मग मालकानं दुकान बंद केलं आणि काका कायमचे सावंतवाडीला निघाले. एअरपोर्टला सोडायला मी एकटाच. मेस्त्री जॅममध्ये अडकला होता, शारजाहून निघालेला माणूस वेळेवर पोचेल असं कुणी धरतच नाही. ट्रॉलीवर एक बॅग, गिटार वगैरे काही नाही. आत जायच्या आधी ते म्हणाले, "हात दाखव."

दाखवला. त्यांनी एकेक बोट दाबलं.

"मऊच. पण आता दाबल्यावर खड्डा पडत नाही."

काकांकडनं मला मिळालेलं एवढंच सर्टिफिकेट. मी जरा धीर करून विचारलं, "काका, हात बघून तुम्हाला कळतं तरी काय?"

"हात बघून काही कळत नाही रे. कोण हात ओढून घेतो, ते कळतं. घाईवाला लगेच ओढतो. त्याला मी गिटार दाखवतच नव्हतो."

"मी नव्हता ओढला," मी म्हटलं.

"नव्हतास. मला वाटलं, तुला कळलंच नाही मी काय करतोय." आणि ट्रॉली ढकलत आत गेले. मागं वळून बघितलं नाही. माझी खात्री आहे, बघितलं असतं तर वरनं काहीतरी बोलले असते.

आता मंडळात मी जुना झालोय. परवा बांधकामाच्या साइटवरचा एक गडी, नुकताच गावाकडनं आलेला, रिहर्सलला येऊन माझ्याजवळ बसला. म्हणाला, "दादा, फास्ट वाजवायचंय, कुठली गिटार घेऊ?" मी म्हटलं, "हात दाखव." त्यानं डावा हात पुढं केला. मी एकेक बोट दाबत बसलो. त्यानं हात ओढला नाही, निवांत बसून राहिला. सळया वाकवून त्याच्या बोटांची टोकं माझ्यापेक्षा दुप्पट कडक झालेली.

मी म्हटलं, "मऊ."