तालमीला आलेल्या प्रमुख पाहुण्या

रिझवानभाईंचा फोन सहसा सकाळी येत नाही. त्या वेळी ते मस्कतच्या हमरिया भागातलं आपलं कापडाचं दुकान उघडण्याच्या गडबडीत असतात आणि मी बौशरमधल्या ऑफिसच्या वाटेवर. त्या दिवशी मात्र आला. गाडी कडेला घेऊन मी उचलला. "मीनाताय, खबर बरी नाय," एवढं म्हणून ते थांबले. मग हळू आवाजात, "नोराबाय गेल्या. टॉमसायबांचा फोन आलेला. झोपेतच गेल्या..." पुढे ते तोंडातल्या तोंडात दुवा पुटपुटले. मी ऑफिसात पोचले खरी, पण दिवसभर काय केलं ते विचाराल तर सांगता येणार नाही.

नोरा विनफील्ड हे नाव वाचकांपैकी फार थोड्यांनी ऐकलं असेल. जुने अमेरिकन सिनेमे पाहणाऱ्यांना कदाचित चेहरा आठवेल. लांब मान, जरा तिरकं हसू. आमच्या मस्कतच्या मराठी मंडळाला मात्र त्या 'नोराबाई' म्हणूनच ठाऊक होत्या. कॅन्ससमधल्या एका लहानशा गावात त्यांच्या वडिलांचं गुरांच्या खाद्याचं दुकान होतं. टायपिंग शिकते असं घरी सांगून मुलगी लॉस एंजेलिसला गेली ती परत आलीच नाही. पहिल्या सिनेमात त्यांनी प्रेताचं काम केलं. "माझ्याइतकं स्थिर काम त्यात कुणाचंच नव्हतं," हे त्या इतक्या गंभीरपणे सांगत की समोरच्याला हसावं की नाही ते कळत नसे. त्यानंतर घोडेस्वारांच्या सिनेमांचा काळ आला. त्यात बायकोने करायचं काम एकच, दारात उभं राहून जाणाऱ्या नवऱ्याकडे पाहायचं. "घोड्यावरून जाणाऱ्या पुरुषांना निरोप देण्यात माझं तारुण्य गेलं," असं त्या म्हणत. पुढे मात्र एक सिनेमा असा मिळाला, ज्यात त्या गिरणीतल्या कामगार विधवेची मुख्य भूमिका करत होत्या. तो मी नंतर मुद्दाम मिळवून पाहिला. शेवटी ती बाई भर कोर्टात काहीएक न बोलता हातमोजे काढून टेबलावर ठेवते. तो प्रसंग मी मागे नेऊन पुन्हा पाहिला. अशी बाई आपल्याकडे स्टीलच्या वाटीतून चिवडा खाते, याचा मला त्या दिवशी फार अभिमान वाटला.

आमची ओळख झाली तीच एका गोंधळातून. आमच्या मंडळाचे अध्यक्ष देशमुख यांना कुठूनशी बातमी लागली की हॉलिवूडची एक नटी इथेच, मदिनत सुलतान काबूस वस्तीत राहते, नवरा निवृत्त भूगर्भतज्ज्ञ आहे. झालं! वार्षिक नाटकाला प्रमुख पाहुण्या म्हणून त्यांना बोलवायचं ठरलं. 'आपण आमच्या रंगमंचावर यावं' असं त्यांना कळवलं आणि होकार आल्यावर आम्ही निर्धास्त झालो. प्रमुख पाहुणा म्हणजे काय ते आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. त्याने उशिरा यायचं, पुढच्या सोफ्यावर बसायचं, दिवा लावायचा, शाल-श्रीफळ घ्यायचं, दोन शब्द बोलायचे आणि मध्यंतरात निघून जायचं. नोराबाईंना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. नटीला रंगमंचावर बोलावलंय म्हणजे काम द्यायला, अशी त्यांची सरळ समजूत. त्यामुळे आमच्या पहिल्याच तालमीला, सगळ्यांच्या आधी, सपाट चपला आणि सुती पायजमा घालून त्या हॉलच्या दारात उभ्या होत्या.

"माझं काम कोणतं?" त्यांनी विचारलं.

आता हे त्यांना सांगायचं कुणी? देशमुखांनी माझ्याकडे पाहिलं, मी रिझवानभाईंकडे, रिझवानभाईंनी पंख्याकडे. आमची प्रकाशयोजना रिझवानभाई सांभाळतात. दापोलीच्या बाजूचा हा माणूस नाटकासाठी दुकान लवकर बंद करतो. शेवटी तेच माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "ताय, लिवा ना कायतरी. बाय एवढ्या हौशीनं आलीय. परत कशी धाडायची?" नाटक माझंच होतं. गल्फमध्ये आलेल्या एका कुटुंबाची गोष्ट. मी तिथल्या तिथे त्यात एक आजी घातली. झटका येऊन वाचा गेलेली, म्हणजे भाषेचा प्रश्नच नको. मनात म्हटलं, बसतील बिचाऱ्या एका खुर्चीत.

बसतील कसल्या! दुसऱ्या दिवशी मला प्रश्न, ही आजी कुणाची वाट पाहतेय? मला काय माहीत? मी तर ती भिडेपोटी लिहिलेली. तिसऱ्या दिवशी, तिला कोणता मुलगा जास्त आवडतो? त्यानंतर त्या आमच्या घरी येऊन बसू लागल्या. माझी आई तेव्हा पुण्याहून आलेली होती. दोघींना एकमेकींचं अवाक्षर कळत नसे, तरी तासन्‌तास बसत. आई भेंडीचं टोक मोडून पाहते, उठताना गुडघ्यावर हात टेकते, कुणी मोठ्याने बोललं की पदर सारखा करते, हे सगळं त्या निळ्या डोळ्यांनी टिपत होत्या. प्रयोगात माझे दोन नट तावातावाने भांडत होते आणि लोक खुर्चीतल्या आजीकडे पाहत होते. तिने काय केलं, तर फक्त पदर सारखा केला. पडदा पडल्यावर माझी आई मला म्हणाली, "ती नाही गं, मीच बसले होते तिथे."

त्यानंतर दर वर्षी नोराबाई आमच्या नाटकात असत. त्यांचे यजमान टॉम गाडी चालवत त्यांना सोडायला येत आणि तालीम संपेपर्यंत पार्किंगमध्ये रेडिओ ऐकत बसत. आत या म्हटलं तर म्हणत, "मी नवरा आहे. माझं काम बाहेर." बाईंचं एक मात्र होतं, नटांच्या यादीत नाव वर्णानुक्रमाने जिथे येईल तिथेच हवं, 'विशेष उपस्थिती' वगैरे काही नको. एकदा देशमुखांनी सत्काराचा विषय काढला तेव्हा त्यांचा चेहरा एकदम उतरला. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मीना, मला तिकडे जीवनगौरव मिळालाय. सगळे उभे राहिले, खूप वेळ टाळ्या वाजल्या, काचेचं काहीतरी हातात दिलं. त्यानंतर माझा फोन पुन्हा वाजला नाही." थोडं थांबून म्हणाल्या, "तुम्ही मला बोलावलंत तेव्हा मी टॉमला म्हटलं, काम आलंय." त्यांना बोलावण्यात आमचा खरा बेत काय होता, ते मी त्यांना कधीच सांगितलं नाही. अजूनही त्यात काही चुकलं असं वाटत नाही.

गेल्या वर्षी त्यांची फुप्फुसं दगा देऊ लागली. चार पावलं चाललं की धाप. डॉक्टरांनी दगदग नको म्हणून बजावलं. मंडळाची बैठक झाली आणि सगळ्यांनी मनापासून, प्रेमापोटीच ठरवलं की यंदा बाईंना काम नको, यंदा त्यांचा सत्कार करू. त्यांना हे सांगायचं काम माझ्यावर आलं. मी मदिनत सुलतान काबूसमधल्या त्यांच्या घरी गेले. नाकाला ऑक्सिजनची नळी लावून त्या खिडकीशी बसल्या होत्या. मी आडवळणाने सुरुवात केली, मंडळाला तुमच्याबद्दल किती आदर आहे, लोकांना किती कृतज्ञता... त्यांनी मला मध्येच थांबवलं.

"टाळ्या वाजवून घालवणार आहात का मला?"

त्या रागावल्या नव्हत्या, घाबरल्या होत्या. मरणाला ही बाई घाबरत नव्हती. डॉक्टरांशी त्या विषयावर चेष्टा करायची. पण काम करता करता जायचं की काम संपलेलं माणूस म्हणून जायचं, हे त्यांना ठरवायचं होतं, आणि ते ठरवणं माझ्या हातात येऊन पडलं होतं. मला रडू आलं आणि स्वतःचाच राग आला. मी म्हटलं, "सत्कार गेला खड्ड्यात. काम आहे. आणि या वेळी बोलायचं आहे." बैठकीचा ठराव मी त्यांच्या दिवाणखान्यातच मोडीत काढला. देशमुख दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी तालमीच्या हॉलपर्यंत चाकाची खुर्ची जावी म्हणून पायरीवर फळी ठोकताना दिसले.

वाक्य एकच होतं. मुलगा नोकरीसाठी परदेशी निघालाय आणि आई म्हणते, "पोचलास की फोन कर." मी कागद वाचून दाखवला तर बाई खळखळून हसल्या. "पुन्हा मला दारातच उभी केलीस!" पण त्यांनी ते वाक्य असं घोटलं, की इथल्या इंग्रजी बोलणाऱ्या आमच्या पोरांना जो 'च' जमत नाही तो त्यांना पहिल्या आठवड्यात जमला. घरातून निघणाऱ्या प्रत्येकावर सराव चाले. औषधं आणून देणाऱ्याला, नर्सला, नळ दुरुस्त करणाऱ्या पाकिस्तानी माणसाला, सगळ्यांना हेच. रिझवानभाई एकदा लाइट दाखवायला गेले होते, त्यांना पण. त्यांनी हमरियात पोचून खरंच फोन केला, "पोचलो, बाय."

प्रयोगाच्या दिवशी नळी काढून त्या रंगमंचावर उभ्या राहिल्या. मी विंगेत हातात संहिता घेऊन. निखिल, म्हणजे त्यांचा मुलगा झालेला आमचा इंजिनिअर, बॅग उचलून दाराशी आला. आता वाक्य. बाई बोलेनात. मला वाटलं, विसरल्या, किंवा श्वास पुरत नाही... मी वाक्य सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनी वाकून त्याच्या बॅगेची चेन नीट लागलीय का ते ओढून पाहिलं. हे मी लिहिलेलं नव्हतं. मग त्या सरळ झाल्या, त्याच्याकडे न बघता, बॅगेच्या कुलपाकडे बघत म्हणाल्या, "पोचलास की फोन कर." मस्कतच्या त्या हॉलमध्ये बसलेल्या प्रत्येक माणसाला कधी ना कधी कुणीतरी दारात हे म्हटलेलं आहे, आणि कित्येकांची ती माणसं आता नाहीत. निखिलला पुढचं वाक्य बोलता आलं नाही. तो बॅग घेऊन तसाच निघून गेला, आणि नाटक त्याने काही बिघडलं नाही.

त्यानंतर त्या फार दिवस राहिल्या नाहीत. तिकडच्या एका वर्तमानपत्रात चार ओळी आल्या, की त्यांनी अभिनय केव्हाच सोडला होता आणि त्या आखातात निवृत्त जीवन जगत होत्या. टॉमनी मला ते वाचून दाखवलं आणि म्हणाले, "ह्यांना काय ठाऊक?"

गेल्या आठवड्यात यंदाच्या नाटकाची पहिली तालीम होती. आम्ही जमलो, पण कुणालाच सुरुवात करावीशी वाटेना. इतक्यात बाहेर ओळखीच्या गाडीचा आवाज आला. पार्किंगमध्ये गाडी उभी राहिली, रेडिओ बंद झाला, आणि टॉम, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, आत आले. सपाट चपला, जुना शर्ट. दाराशीच थांबले. देशमुख सवयीने उठून सोफ्यावरचे कागद बाजूला करू लागले आणि मध्येच थांबले. कुणीच टॉमना "बसा" म्हटलं नाही. रिझवानभाई शिडीवरून खाली उतरले, वायरचं भेंडोळं टॉमच्या हातात दिलं आणि म्हणाले, "यल्ला, चला टॉमसायब. हे टोक धरा आणि मागं जात ऱ्हा."

टॉम वायर सोडत सोडत मागे जाऊ लागले, आणि मी तालीम सुरू केली.