शेणव्याला न पोचलेला मेल

ती घटना आजही आठवते आणि या वयातही मी खुर्चीतून अर्धा उठतो. शहापूरला पोलीस निरीक्षक होतो. सकाळची हजेरी आटोपत असताना शेणवे गावातला एक बाप मुलीला घेऊन ठाण्यात शिरला. मुरबाडच्या नर्सिंग केंद्रात तिची निवड झाली होती. केंद्र म्हणत होतं मेल पाठवला, हिला तो मिळालाच नव्हता. संध्याकाळपर्यंत हजर झाली नाही, तर जागा दुसरीला जाणार होती.

"साहेब, आमचा मेल कोनीतरी दाबला," बाप म्हणाला.

तिचा मेलचा पत्ता गावातल्या शेतकरी संस्थेच्या सर्व्हरवरचा होता. तक्रार लिहून होते न होते तोच निनावी फोन आला. "संस्थेचा कॉम्प्युटरवालाच मेल अडवतो. त्याच्या भाचीला ती जागा पायजे."

हेतू आयता हाती आला! त्या ऑपरेटरला शोधून लॅपटॉपसह ठाण्यात आणेपर्यंत दुपार सरली. चौकशीला मी आधी चहा देतो. खोटं बोलणाऱ्याचा चहा सहसा गार होतो. याने दोन घोटांत संपवला.

"मेल आलाय साहेब. पन नियमानं अडवलाय."

"कसला नियम? दाखव."

पडद्यावर एकच ओळ होती. या मुलीच्या नावे येणाऱ्या मेलच्या विषयात 'अभिनंदन' शब्द असेल, तर तो तिच्या पेटीत न टाकता वेगळा ठेवायचा.

"हे कोणी करायला सांगितलं?" मी टेबलावर हात आपटला. ऑपरेटरची नजर माझ्यामागे उभ्या असलेल्या बापाकडे गेली.

"मीच सांगलं, साहेब," बाप पुटपुटला. "मागं असाच अभिनंदनाचा मेल आलता. नोकरी लागली म्हनून पोर मुंबईला गेली. तितं ऑफिसच नाय. रडत घरी आली. खरी मानसं पन तोच शब्द लिवतात, मला काय ठावं?"

"बाबा!" मुलगी एवढंच म्हणाली.

ऑपरेटरने अडवलेला मेल उघडला आणि त्याची छापील प्रत मुलीला दिली. अभिनंदन, आपली निवड झाली आहे! अख्खं ठाणं उसळलं. मी केंद्राला फोन लावला, चालकाने जीप काढली. किन्हवलीमार्गे मुरबाड गाठलं, तेव्हा शिपाई कुलूप घेऊन दारात उभा होता. मुलगी त्याच्या बाजूने आत घुसली. जागा वाचली!

निनावी फोनवाल्याला नंतर शोधून झापलं; तो ऑपरेटरवरचा जुना राग काढत होता. पण हेतू आयता मिळाला की मी तेव्हापासून सावध होतो. फसलेल्या घरात भीती किती दिवस मुक्काम करते, तेही त्या दिवशी कळलं.

बाहेर आल्यावर बाप म्हणाला, "गो, त्या मेलातला पयला शब्द परत वाच."

तिने मोठ्याने वाचला. मी टोपी काढली आणि मीही तोच शब्द तिला म्हटला.