काचेवरचा कागद

माशांची टाकी महिनाभर रिकामीच चालवली होती. आधी पाणी तयार व्हावं लागतं, असं दुकानदार म्हणाला होता. काल पाच डिस्कस मासे आणले. दुकानात पुरीएवढे गोल, केशरी होते; घरच्या पाण्यात सोडताच काळवंडले आणि हीटरमागच्या कोपऱ्यात एकमेकांना चिकटून राहिले.

मी काचेसमोर खुर्ची टाकून बसलो. पुन्हापुन्हा थर्मामीटर बघत होतो. दाणे टाकत होतो. ते तळाशी जात होते, तसेच पडून राहत होते. आज दुपारी शेवटी दुकानदाराला फोन केला.

"पाणी ठीक आहे ना? मग तुम्ही तिथून उठा," तो म्हणाला. "काचेला कागद लावा. तुम्हालाच घाबरलेत ते."

मला रागच आला. ज्यांच्यासाठी जीव टांगणीला लागलाय, त्यांना माझीच भीती?

बायकोने काचेवर वर्तमानपत्र चिकटवलं. चिकटवता चिकटवता म्हणाली, "मुक्तालाही सकाळपासून चार फोन झालेत तुमचे."

मुक्ता आमची मुलगी. आठवड्यापूर्वीच हॉस्टेलवर गेली. चारही वेळा मी एकच विचारलं होतं, "जेवलीस का?" चौथ्यांदा तिचा आवाज अगदी बारीक झाला होता.

आपण जिला माया म्हणतो, ती काचेपलीकडून नुसती एक मोठी, हलणारी सावली दिसत असेल का?

संध्याकाळी हात पुन्हा फोनकडे गेला. मी तो पालथा ठेवला. कागदाच्या कडेला बोटभर फट राहिली होती. तिथून बघावं म्हणून वाकलो, क्षणभर तसाच थांबलो. मग चिकटपट्टी आणली आणि डोळे दुसरीकडे वळवून ती फट बुजवली.